सात घरांचं अंगण

डोंबिवलीतली आमची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची. लिफ्ट नाही. जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की एकाने वळणावर थांबायचं. पाण्याच्या टाकीखालच्या स्लॅबची दोनदा दुरुस्ती झालेली. पुनर्विकासाचं ठरल्यापासून गच्चीवर सतरंज्या टाकून बैठका होतात. मे महिन्यातल्या अशाच एका बैठकीत आर्किटेक्टने नकाशा उलगडला. कार्पेट किती वाढणार, भाडं किती महिन्यांचं आगाऊ मिळणार, कोणाला कुठलं पार्किंग, यावर दोन तास खल झाला. सतरंज्या आवरायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "आणि वाळवणं कुठे घालायची हो?"

आजी गेली कित्येक वर्षं याच गच्चीवर पापड-कुरडया घालतात. नव्या इमारतीच्या गच्चीवर टाक्या आणि सोलर पॅनेल येणार, गच्चीला कुलूप लागणार. खाली इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरेल एवढी पट्टी, आणि पार्किंगच्या पोडियमवर हिरव्या रंगाने दाखवलेली बाग. आर्किटेक्टने नकाशावर बोट फिरवून पाहिलं आणि "बघू" म्हणाला.

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय घर बांधणारी माणसं; आपल्या भागातल्या एखाद्या वास्तुविशारदावर लिहा म्हणाले. आजींचा प्रश्न आयुष्यभर डोक्यात ठेवून घरं आखणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला आहे, आणि त्याची सर्वांत धीट वसाहत डोंबिवलीहून लोकलने गाठता येते. चार्ल्स कोरिया, आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

डोंगराच्या अल्याड, पल्याड

डोंबिवलीहून ठाणे, तिथे पूल ओलांडून ट्रान्सहार्बरचा फलाट, आणि पनवेलची गाडी. ऐरोलीनंतर डाव्या हाताला डोंगराची रांग सोबत चालू लागते. हा पारसिकचा डोंगर. मुंब्रा-कळव्याच्या बाजूने याच रांगेच्या पोटात १९१६ चा बोगदा आहे आणि आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या कित्येक पिढ्या त्यातून कामावर गेल्या आहेत. तीच रांग खाली दक्षिणेला उतरत उतरत बेलापूरला पोचते. डोंगर एकच, पण त्याच्या दोन अंगांना वाढलेली शहरं किती वेगळ्या तऱ्हेने वाढली हे खिडकीतून बघत जावं. आमच्याकडे आधी माणसं आली, मग इमारती, मग रस्ते. इकडे आधी नकाशा आला.

त्या नकाशामागे कोरिया होते. मुंबई ही उत्तर-दक्षिण ताणलेली चिंचोळी पट्टी, कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, म्हणून सकाळी सगळ्यांनी एकाच दिशेला धावायचं आणि संध्याकाळी उलट. हे चक्र मोडायचं तर खाडीपलीकडे, पूर्वेला, दुसरं शहर वसवायला हवं असा प्रस्ताव १९६४ मध्ये तिघांनी सरकारपुढे ठेवला: कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल. पुढच्या वर्षी 'मार्ग' या नियतकालिकाने तो विषय सविस्तर छापला. मार्च १९७० मध्ये हे नवं शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. ती जबाबदारी त्यांनी काही वर्षं सांभाळली.

प्रस्तावाचा जीव एका गोष्टीत होता. सरकारने आपली कचेरी खाडीपलीकडे न्यायची, म्हणजे तिच्यामागून इतरही जातील. ते झालं नाही. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र भरून आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या. नवी मुंबई झाली, मोठी झाली, पण मुंबईची दिशा तिने वळवली नाही. सकाळी आठच्या गाडीत डोंबिवलीला दारातून आत शिरण्यासाठी जी झुंज द्यावी लागते तिची मुळं त्या निर्णयात आहेत असं माझं मत आहे.

आगगाडीचे रूळ काढणारा मुलगा

कोरियांचा जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. घराणं मूळ गोव्याचं. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचं वेड होतं. रूळ कसे वळवायचे, कुठे फाटा द्यायचा, याचे आराखडे ते कागदावर काढत बसत. वास्तुकलेकडे ओढ तिथून लागली असं ते सांगत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं, आणि तरुणपणीच साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम हाती आलं.

१९६३ मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू मी पाहिली आहे. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौरस, विटांचे खांब, वर कौलं. काही चौरसांना भिंती आहेत, काहींना नाहीत, एकात पाणी आहे. काच कुठेच नाही, उजेड-वारा लाकडी झडपांमधून येतो. पत्रांच्या दालनातून फोटोंच्या दालनाकडे जाताना मधेच आपण आकाशाखाली येतो आणि पुन्हा छपराखाली जातो. भिंत बांधली नाही म्हणून ती जागा वाया गेली असं कुठेही वाटत नाही. न बांधलेली जागाही वास्तुविशारदाने बांधलेलीच असते, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं.

पुढची पन्नास वर्षं त्यांनी हेच वेगवेगळ्या ठिकाणी करून पाहिलं. दादरचं पोर्तुगीज चर्च आपण रोज ओलांडतो, त्याचं सत्तरच्या दशकातलं नवं रूप त्यांचं: काँक्रीटची धुरांडी वर निमुळती होत जातात, गरम हवा त्यातून बाहेर पडते आणि आत उजेड झिरपतो. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका संस्थेत मधोमध पायऱ्या-पायऱ्यांचं कुंड आहे, आणि खगोलशास्त्रज्ञ त्याच्या काठाने ये-जा करतात. पणजीची कला अकादमी मांडवीच्या काठावर अशी पसरली आहे की रस्त्यावरचा माणूस तिकीट न काढता तिच्या छपराखालून थेट नदीपर्यंत चालत जातो.

मुंबईतली कांचनजंगा ही इमारत मात्र थोडं थांबून समजून घ्यायला हवी. मुंबईत पश्चिमेला तोंड केलं तर समुद्राचा वारा मिळतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती, घराभोवती व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्याने झेलायचा, वारा आत सोडायचा. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या टोलेजंग इमारतीत कोरियांनी तोच व्हरांडा उचलून हवेत नेला. इमारतीचे कोपरे कापून दोन-दोन मजले उंचीच्या गच्च्या काढल्या. ते घर श्रीमंतांचं होतं. ज्या वर्षी ते पुरं झालं त्याच वर्षी बेलापूरचं काम सुरू झालं, आणि तिथे प्रश्न कितीतरी अवघड होता. पैसे नसलेल्या माणसाला व्हरांडा कसा द्यायचा?

खोली, ओटा, पाणवठा, मैदान

कोरियांचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या हवेत माणूस फक्त खोलीत राहत नाही. झोपायला, सामान ठेवायला खोली. शेजारणीशी बोलायला, भाजी निवडायला दाराबाहेरचा ओटा. चार घरांतली माणसं भेटायला नळ किंवा विहीर, म्हणजे पाणवठा. आणि सगळ्या गावाचं म्हणून एक मैदान. या चारही जागा मिळून घर होतं. एक कमी असली तर दुसरीने ती भरून काढायची असते. खोली लहान असेल तर ओटा मोठा हवा. आणि उघड्या जागेला ना सिमेंट लागतं ना लोखंड, म्हणजे गरिबाला परवडणारी सर्वांत मोठी खोली तीच. मात्र ती जमिनीलगत हवी. माणसांना वर वर चढवत नेलं की पहिल्यांदा हीच खोली काढून घेतली जाते.

हे वाचताना मला कल्याणच्या पारनाक्याकडचे जुने वाडे आठवतात, चौकातल्या तुळशीभोवती अख्खं बिऱ्हाड फिरायचं. आणि फडके रोड आठवतो. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली तिथे लोटते, खांद्याला खांदा लावून उभी राहते. बाहेरच्यांना त्याचं कौतुक वाटतं, मलाही वाटतं. पण लाखोंच्या शहराला भेटायला एक रस्ता बंद करावा लागतो, याचं कारण आपल्या शहराला मैदान आणि पाणवठा कोणी आखूनच दिला नाही.

सात, एकवीस आणि पुढे

बेलापूर स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला "आर्टिस्ट व्हिलेज" म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. सेक्टर आठ, डोंगराच्या पायथ्याशी. इथे साडेपाच हेक्टरांच्या आसपास जमिनीवर १९८३ ते १९८६ या काळात साडेपाचशेच्या घरात कुटुंबांसाठी घरं झाली. म्हणजे हेक्टरी सुमारे शंभर घरं, आणि एकही मजल्यावर मजला रचलेली चाळ नाही. प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र तुकड्यावर, जमिनीवर उभं.

मांडणी अशी. सात घरं एका चौकाभोवती. चौक आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा मीटर बाय बारा मीटरचा थोरला चौक. अशा तीन थोरल्या गटांमध्ये आणखी मोठं पटांगण. शेवटी सगळ्यांचा मिळून, डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या कडेचा मोकळा पट्टा. घरातून निघालेलं मूल पाच वर्षांचं असताना सात घरांच्या चौकात खेळेल, आठव्या वर्षी एकवीस घरांच्या, आणि पुढे ओढ्याकाठी. तेवढी तेवढी ओळखीची माणसं त्याच्याभोवती असतील.

मी मोजपट्टी घेऊन गेलो होतो. आठ मीटरचा चौक म्हणजे चौसष्ट चौरस मीटर. सातांनी भागलं तर घरटी जेमतेम नऊ चौरस मीटर, आपल्या भाषेत शंभर स्क्वेअर फुटांनाही थोडं कमी. एवढी जागा प्रत्येकाला स्वतंत्र दिली असती तर तिथे एक स्कूटर आणि दोन कुंड्या राहिल्या असत्या. सातांची एकत्र केली तर लग्नाचा मांडव पडतो. सगळी युक्ती या भागाकारात आहे.

दुसरी युक्ती घराच्या तुकड्यांत. सर्वांत लहान तुकडा पंचेचाळीस चौरस मीटरचा, सर्वांत मोठा पंच्याहत्तरच्या आसपास. घर मात्र एका खोलीपासून दुमजली घरापर्यंत, ज्याची जशी ऐपत तसं. म्हणजे गरीब आणि बरी परिस्थिती असलेल्यांच्या भिंतींत फरक, जमिनीत फार नाही. आज एक खोली घेणाऱ्याला उद्या हातात पैसे आल्यावर शेजाऱ्याएवढं घर बांधता यावं. त्यासाठी प्रत्येक घर सुटं ठेवलं, दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. एकाने पाडलं तर दुसऱ्याला तडा जाऊ नये. शेजाऱ्याच्या हद्दीवरच्या भिंतीला खिडकी नाही, त्यामुळे कोणी कितीही वाढवलं तरी कुणाचा उजेड अडत नाही की घरातलं दिसत नाही. संडास जोडीजोडीने, म्हणजे मलवाहिनीचा खर्च निम्मा. विटांच्या चुना लावलेल्या भिंती आणि उतरतं कौलारू छप्पर. गावातल्या गवंड्याला आणि सुताराला कळेल, दुरुस्त करता येईल, वाढवता येईल एवढंच बांधकाम.

भिंती गेल्या

त्यातली मूळ घरं आज शोधावी लागतात. मला सकाळभर फिरून मोजकी सापडली: कौलं काळवंडलेली, जिन्याला लाकडी कठडा, भिंतीवर पावसाचे ओघळ. बाकी बहुतेक ठिकाणी जुनं घर पूर्ण पाडून तीन मजली आरसीसी उभं आहे, कुठे ग्रॅनाइट, कुठे निळी काच. देशोदेशीचे विद्यार्थी पुस्तकातला फोटो घेऊन इथे येतात आणि हिरमुसून परततात असं ऐकलं होतं. मीही पहिल्या अर्ध्या तासात हिरमुसलो.

मग एका चौकात शिरलो. सातांपैकी पाच घरं नवी. मधोमध तुळस, एका कडेला दोन स्कूटर, तारेवर कपडे, आणि सावली-उन्हाच्या सीमेवर जुन्या साडीवर पसरलेला गहू. एक काकू खुर्ची टाकून कावळे हाकत बसल्या होत्या. कोण, कुठले, अशी चौकशी झाली. तुमचा गहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "माझा नाही, समोरच्यांचा. त्या बँकेत गेल्यात."

माझ्या लेखी कोरिया तिथे सिद्ध झाले. भिंती बदलणारच होत्या, बदलता याव्यात म्हणूनच ते घर तसं आखलं होतं. त्यांनी पक्की केली होती ती एकच गोष्ट, मधली मोकळी जागा. आणि चाळीस वर्षांनंतर मालक बदलले, घरं बदलली, तरी त्या जागेवर कोणी खोली काढलेली नाही. सात दारं तिच्याकडे तोंड करून उभी आहेत, कोणी एक वीट सरकवली तर सहा जणांना दिसते. राखणदार नेमायची गरज पडली नाही.

दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीची एका खोलीची घरं फारच लहान होती. कौलं गळत असतील तर माणूस स्लॅब घालणारच. घरं तीन मजले झाल्यावर आठ मीटरच्या चौकात ऊन थोडाच वेळ उतरतं. मोटार हा प्राणी या नकाशात जवळजवळ नाही, त्यामुळे थोरले चौक गाड्यांनी भरलेत. आणि ओढा, जो या गावाचा पाणवठा व्हायचा होता, मी पाहिला तेव्हा कचऱ्याने तुंबलेला होता. सात घरांचं सात घरं सांभाळतात; साडेपाचशे घरांचं ते कोणाचंच नाही. कलावंतांना इथे घरं मिळावीत हा हेतू नावापुरता उरला आहे, पण दोन दारांवर मूर्तिकारांच्या पाट्या अजून दिसल्या.

जमिनीखालची गोष्ट

एक गोष्ट आर्किटेक्चरच्या पुस्तकांत क्वचितच येते. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन घेतली गेली, ती मुख्यतः आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरं. आर्टिस्ट व्हिलेजच्या भिंती उभ्या राहत होत्या त्याच काळात, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी उतरले, गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना देण्याची योजना त्या रक्तातून आली.

मला हे सांगावंसं वाटतं ते आणखी एका कारणाने. आगरी गावठाणात गेलात तर ओटी, पडवी, समोर अंगण, चार घरांची मिळून एक मोकळी जागा, हे सगळं आधीपासूनच होतं. कोरियांनी ते बारकाईने पाहिलं, मापात बसवलं, मलवाहिनीला जोडलं. त्यांचं मोठेपण त्या पाहण्यात आहे. पण ज्यांच्या घरांतून ते शहाणपण आलं त्यांची गावठाणं मात्र टॉवरांच्या वेढ्यात गुदमरली, बेलापूरला आणि आमच्या डोंबिवलीतल्या आयरे-कोपरलासुद्धा. त्या गावठाणांचं रीतसर मोजमाप करून त्यातले चौक वाचवणं, हे काम नवी मुंबईने आणि कल्याण-डोंबिवलीने अजून हाती घ्यायला हवं.

पुन्हा गच्चीवर

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली, म्हणजे ती आर्टिस्ट व्हिलेजच्याच वयाची. त्या काळातल्या आपल्या इमारती आता पाडायला आल्या आहेत. ठाण्यात क्लस्टर पुनर्विकासाची कामं सुरू आहेत, डोंबिवलीत गल्लोगल्ली पुनर्विकासाचे फलक आहेत. सात घरांचा चौक वीस मजल्यांच्या इमारतीला जसाच्या तसा लावता येणार नाही हे मला कळतं. जमिनीचे भाव आणि एफएसआयचं गणित मलाही दिसतं. पण चार शेजारच्या सोसायट्या वेगवेगळ्या पाडायच्या, प्रत्येकीभोवती तीन-चार मीटरची पट्टी सोडायची आणि मधे कुंपणाच्या भिंती घालायच्या, यात सगळ्यांची मोकळी जागा चिंध्या होऊन जाते. त्याच चौघींनी एकत्र येऊन त्या पट्ट्या जोडल्या तर नियम न मोडता एक पटांगण निघू शकतं, जमिनीवर, झाड लावता येईल अशा मातीचं. हा भागाकार कोणीतरी बैठकीत मांडायला हवा. बिल्डर मांडणार नाही, कारण पटांगण विकता येत नाही.

कोरिया १६ जून २०१५ रोजी मुंबईत गेले. पद्मविभूषण, ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचं सुवर्णपदक, सगळे मान त्यांना मिळाले. अहमदाबादेतलं त्यांचं गाजलेलं ट्यूब हाउस त्यांच्या हयातीतच पाडलं गेलं. बेलापूरची घरंही एकेक करून पडतायत, आणि ते थांबवावं असं मी म्हणणार नाही. चौक आणि ओढा मात्र नवी मुंबईने वारसा म्हणून नोंदवावेत. मापं, हद्दी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे लिहून.

आमची पुढची बैठक दिवाळीनंतरच्या रविवारी आहे. तुमच्याही सोसायटीची असेल. नकाशावर सही करण्याआधी एक सकाळ काढा, ठाण्याहून पनवेलची गाडी पकडा, बेलापूरला उतरा. सेक्टर आठमध्ये कुठल्याही चौकात दहा मिनिटं उभे राहा, आणि सोबत मोजपट्टी न्या.